बातमी आली, पेढा आला नाही

२०२४ च्या जुलैमध्ये बीकेसीत अंबानींच्या घरचं लग्न झालं, तेव्हा आमच्या अभ्यासिकेतल्या मुलामुलींनी त्याचे व्हिडिओ अगदी चवीने पाहिले. कुणी काय घातलं, कोण कुठून आलं, वरातीत कोण नाचलं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ती श्रीमंती पाहून आपलं आयुष्य वाया गेलंसं मात्र एकालाही वाटलं नाही. तसं वाटलं ते पुढे काही महिन्यांनी, एका साध्या फोटोने. आमच्याकडे अभ्यासाला येणाऱ्या एका मुलीच्या कॉलेजमधल्या मैत्रिणीने ठाण्याला घर घेतलं. वन बीएचके, कर्ज काढून. नव्या दाराची किल्ली तळहातावर धरून तिने फोटो टाकला. तो पाहिल्यावर ही मुलगी चार-पाच दिवस अभ्यासिकेकडे फिरकलीच नाही.

लेऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. आपण कितपत चांगले, कितपत हुशार, हे ठरवायला ठोस साधन नसलं की माणूस दुसऱ्या माणसांकडे बघून ठरवतो. आणि समोरच्यात नि आपल्यात अंतर जितकं जास्त, तितकी त्याच्याशी तुलना करायची ओढ कमी. म्हणून अब्जाधीशाचं लग्न ही करमणूक होते, आणि एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीची किल्ली काळजात घुसते.

लालबाग-परळ भागात अभ्यासिका बऱ्याच आहेत. कुठे एखाद्या वाचनालयाने चालवलेली, कुठे मंडळाने, कुठे शाळेचा वर्ग संध्याकाळपुरता उघडून दिलेला. घर दहा बाय बाराचं, त्यात टीव्ही चालू, आजोबा आजारी, बहीण बाळंतपणाला आलेली. अभ्यासाला कोपरा मिळत नाही म्हणून मुलं इथे येतात. आमच्याकडची बहुतेक एमपीएससीची. राज्यसेवा, संयुक्त गट ब, गट क, अधूनमधून बँकेची किंवा पोलीस भरतीची. वयं साधारण बावीस ते तीस. नोकरी सांभाळून संध्याकाळी मी तिथे बसते. किल्ल्या, वर्तमानपत्रं, जागेवरून होणारी भांडणं, कुणाचा निबंध तपासून देणं, असलं काम. ‘ताई’ म्हणतात मला.

या मुलांच्या आयुष्याचं घड्याळ निराळं चालतं. जाहिरातीची वाट बघायची, फॉर्म भरायचा, परीक्षेची तारीख पुढे गेली की गप्प बसायचं. पूर्व निघाली तर मुख्य, मुख्य निघाली तर मुलाखत, आणि कट-ऑफ दोन मार्कांनी चुकला की पुन्हा पूर्वपासून. तोवर बरोबरीचे नोकरीला लागतात, त्यांची लग्नं ठरतात, कुणी जर्मनीला शिकायला जातं, कुणाला मूल होतं. सत्ताविसाव्या वर्षी रेल्वेच्या पाससाठी आईकडे हात पसरताना मुलाच्या मनात काय चालत असेल, ते समजायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही. त्यात हातात फोन. आत बसताना तो सायलेंट करून पालथा ठेवायचा, असा आमचा नियम आहे आणि मुलं तो पाळतातही. पण पाणी प्यायला म्हणून जिन्यात गेलेली मुलगी परत येऊन वहीचं तेच पान उघडते आणि अर्धा तास ते पान उलटत नाही. जिन्यात तिने काय पाहिलं असेल याचा अंदाज मला आता येतो.

किल्लीचा फोटो पाहिलेली मुलगी परत आली तेव्हा मी तिला खोदून काही विचारलं नाही. तीच म्हणाली, “ताई, मला तिचा हेवा नाही वाटत हो. तिने कष्टाने घेतलंय. मला माझीच लाज वाटते. माझ्या जर्नलवरून ती उतरवून घ्यायची. मग मधल्या वर्षांत मी केलं काय?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सोशल मीडियामुळे पोरं मत्सरी झाली, असं मोठी माणसं सर्रास बोलतात. माझा अनुभव तसा नाही. मत्सर असता तर तो बाहेर तरी पडला असता, चार शब्द टोचून बोलून मोकळा झाला असता. मी पाहते ती लाज आहे, आणि लाज माणसाला लपायला लावते. ही मुलगी त्या फोटोला लाल बदाम देऊन बाजूला झाली. मैत्रिणीला फोन केला नाही, कारण फोन केला की ती विचारणार, ‘तुझं काय चाललंय?’

ही मुलगी राहते बदलापूरला. दादरला फास्ट पकडली तरी घरी पोचायला तासाहून जास्त लागतो. संध्याकाळच्या लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तर नशीब. शेजारी कुणी गवार मोडतंय, कुणी सासूची गाऱ्हाणी सांगतंय, पिना-टिकल्या विकणारी बाई गर्दीतून वाट काढतेय. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन. कॉलेजात असतानाही असंच होतं, असं ती सांगते. शेवटचं लेक्चर संपलं की बाकीच्या मैत्रिणी माटुंग्याला इडली खायला नाहीतर मरीन ड्राइव्हला जायच्या. हिला निघावं लागायचं, कारण आठच्या आत घरी, असा वडिलांचा दंडक होता. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवर स्टोरी हा प्रकार आला, त्याच वर्षी जिओमुळे डेटा स्वस्त झाला. त्यानंतर कॉलेजात गेलेल्या या पोरींच्या वाट्याला नवीनच गोष्ट आली. पूर्वी आपण लवकर निघालो की मागे काय मजा झाली ते दुसऱ्या दिवशी कानावर यायचं, तेही सांगणारीच्या तोंडून, ‘तू हवी होतीस गं’ या शब्दांसकट. आता घाटकोपर जाईपर्यंत पहिली स्टोरी येते. ठाण्याला सगळ्या जणी कट्ट्यावर ओळीने बसलेल्या दिसतात. डोंबिवलीला त्या नाचत असतात. आपण जिथे नव्हतो ती संध्याकाळ, आपण नसताना कशी छान चालू आहे, हे तिला रोज तासभर उभ्याने बघावं लागायचं.

म्हणूनच एका संशोधनाविषयी वाचताना मला हा लेडीज डबाच डोळ्यांपुढे आला. फेसबुक २००४ च्या फेब्रुवारीत हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि सगळ्यांना एकदम खुलं न होता एकेक कॉलेज करत अमेरिकेत पसरलं. म्हणजे काही कॉलेजांत ते आलेलं, काहींत अजून यायचं होतं. लुका ब्रागिएरी, रोई लेवी आणि अलेक्सी मकारिन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी याचा उपयोग करून घेतला. विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या जुन्या पाहण्या त्यांनी काढल्या आणि फेसबुक येण्याआधीची नि आल्यानंतरची उत्तरं ताडून पाहिली. २०२२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांची मानसिक अवस्था बिघडली होती, आणि मन ठीक नसल्यामुळे अभ्यासावर परिणाम झाला असं सांगणारेही वाढले होते. कारणांचा शोध घेताना त्यांचं बोट मुख्यतः तुलनेवर गेलं. आणि सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला? जे कॉलेजच्या आवाराबाहेर राहत होते, ज्यांची ऐपत बेताची होती, जे कुठल्या लोकप्रिय टोळक्यात नव्हते, ज्यांचं वजन जास्त होतं, त्यांना. ज्यांना आधीच आपण कडेला आहोत असं वाटत होतं, त्यांना.

मुंबईत कॉलेजच्या आवाराबाहेर राहणारे म्हणजे जवळजवळ सगळेच. विरार, बदलापूर, पनवेल, टिटवाळा. या शहराने आपली तरुण मुलं दूरदूर राहायला पाठवली, आणि मग त्यांच्या हातात असं यंत्र दिलं ज्यात दूर राहणाऱ्यालाच सगळ्यात जास्त टोचतं.

तुलना काही फोनने आणली नाही. मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत, साचेखात्यात. एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं, सगळ्यांना मिळून एक लांबलचक गॅलरी. कुणाकडे टीव्ही आला, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणाच्या पोराला किती टक्के पडले, हे संध्याकाळच्या आत सगळ्यांना ठाऊक. ‘बघ, तो बघ, तुझ्याच वर्गातला ना?’ हे वाक्य आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने जेवणाच्या ताटावर ऐकलेलं आहे. त्या काळी बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची. यादीत आलेल्या मुलाला आई पेढा भरवतेय, असे फोटो वर्तमानपत्रात छापून यायचे आणि ते कापून आमच्यापुढे धरले जायचे. चाळ सोन्याची होती असं सांगायचा माझा मुळीच विचार नाही. ज्या घरात पोर नापास झालं, तिथली बाई चार दिवस नळावर मान खाली घालून जायची.

पण एक गोष्ट मी लहानपणी पाहिली ती मला आज फार मोलाची वाटते. माझा दादा दहावीला गणितात गेला. समोरच्या खोलीतल्या काकूंच्या मुलाला ऐंशीच्या वर टक्के पडले. त्या काळी आणि त्या चाळीत ऐंशी म्हणजे डोंगर. काकू पेढ्यांचा पुडा घेऊन एकेक दार करत निघाल्या. आमचं दार चुकवणं शक्यच नव्हतं, आणि त्यांच्या मनातही ते नव्हतं. दादा सकाळपासून माळ्यावर जाऊन पडला होता. काकू आत आल्या, आईच्या हातावर पेढा ठेवला आणि वर बघून म्हणाल्या, “खाली उतर रे. माझा थोरला मॅट्रिकला दोनदा बसलाय, ठाऊक नाही का तुला? ऑक्टोबरला बस. गणिताला आमचा हा बसेल तुझ्याबरोबर.” दादा शिडीवरून उतरला. डोळे सुजलेले. काकूंनी पेढा त्याच्या हातात दिला नाही, तोंडातच घातला, आणि तो खाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा खरोखरच पुढचे तीन महिने गॅलरीत बसून त्याला गणितं घालत होता. ऑक्टोबरला दादा सुटला.

काकू काही संत नव्हत्या. पाण्यावरून आईशी कडाकडा भांडायच्या. पण मुलाच्या यशाची बातमी त्यांना आमच्यापर्यंत स्वतःच्या पायांनी आणावी लागली, आणि त्या बातमीत आमचा वाटा घेऊन यावं लागलं. आमच्या घराचं काय चाललंय ते डोळ्यांनी बघावं लागलं. आणि आम्हालाही त्यांच्या थोरल्याची दोन वर्षं माहीत होती. त्यांचं यश आम्ही त्यांच्या अपयशासकट ओळखत होतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि मग कुणाच्या घरात काय शिजत नाही तेही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मी तेव्हा शाळकरी होते, पण डब्यातलं धान्य कमी होताना लेकरांनाही कळतं.

आज बातमी येते, पेढा येत नाही. मुलांना नेमकं काय बोचतं याचा मी बराच विचार केला आणि प्रत्येक वेळी इथेच येऊन थांबले. दुसऱ्याचं चांगलं झालेलं या मुलांना बघवत नाही असं नाही. त्या चांगल्यात त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. पाहुणा म्हणून दारात घ्यायच्या ऐवजी खिडकीतून बघायला उभं केलेलं असतं, तेही एकट्याने, रात्री साडेअकराला, अंथरुणात, उशीखाली चार्जरची वायर घेऊन.

बेल्जियमच्या ल्युव्हेन विद्यापीठातले फिलिप व्हरडाइन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये फेसबुक वापरणाऱ्यांचा अभ्यास केला, तोही याला धरूनच आहे. स्वतः काही न लिहिता, कुणाशी न बोलता, नुसतं दुसऱ्यांचं बघत राहिल्याने मन खाली जातं, असं त्यांना आढळलं. जिन्यात उभं राहून जे चालतं ते नेमकं हेच.

शिवाय या बघण्यात हिशेबाचीही एक फसगत आहे. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये ती गणिताने दाखवली. पाच जणांचा गट घ्या. त्यातला एक सगळ्यांना ओळखतो, बाकीचे चौघं फक्त त्या एकालाच ओळखतात. आता त्या चौघांपैकी कुणालाही विचारा, तो म्हणेल, ‘माझ्या मित्राला चार मित्र, मला एकच.’ पाचातल्या चौघांना आपण मागे आहोत असं वाटतं, आणि त्यात कुणाची चूक नाही. ज्याच्या ओळखी जास्त तो जास्त जणांच्या यादीत असतो, इतकंच. मला वाटतं फोनवर हे आणखी वाढतं. रविवारी पाच मैत्रिणी घरी बसून कपडे धुतात आणि सहावी अलिबागला जाते. पाच जणी काहीच टाकत नाहीत, सहावी पंधरा फोटो टाकते. त्या रविवारी बघणाऱ्याला सगळं जग अलिबागला गेलेलं दिसतं. मी हे फळ्यावर आकडे मांडून मुलांना समजावलं तेव्हा एक जण म्हणाला, “ताई, पटतंय. पण रात्री आकडे आठवत नाहीत.” खरं आहे त्याचं.

निदान मैत्रिणी तरी ओळखीच्या असतात. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि काही आठवड्यांतच रील्स आल्या. तेव्हापासून फोनवर ओळखीच्यांपेक्षा अनोळखीच जास्त. पण अनोळखी म्हणजे कसे? आपल्याच वयाचे, आपल्याच शहरातले, आपलीच परीक्षा देणारे. आमच्या मुलांना दिसतो तो पहिल्या प्रयत्नात पोस्ट, म्हणजे सरकारी पद, काढलेला मुलगा, गुलालात माखलेला, खांद्यावर उचललेला, खाली ‘रोज सोळा तास’ असं लिहिलेलं. फेस्टिंजर म्हणाले त्याप्रमाणे दूरच्याशी तुलना होत नाही, आणि हे यंत्र दूरच्यालाही आपल्यासारखा करून समोर आणतं. चाळीत आमच्या वयाची जेमतेम दहा-पंधरा पोरं असतील. या मुलांना बरोबरीची सगळी मराठी पोरं एका वेळी दिसतात, त्यातही फक्त जिंकलेली. आणि गॅलरी जिन्यापाशी संपायची. फोनवरचं पान कुठे संपतच नाही. बोट सरकवलं की खाली नवं येतच राहतं, ही युक्ती एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने २००६ च्या सुमारास बसवली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

रंगरूपाचं तर बोलायलाच नको. सावळ्या मुलीने फोटो काढला की फोनच तिला न विचारता उजळ करतो, आणि मग आरशातली ती स्वतःलाच परकी वाटायला लागते. इन्स्टाग्राम फेसबुकच्याच मालकीचं. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी बाहेर आणलेल्या कागदांत कंपनीचीच पाहणी होती. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. कंपनीला हे ठाऊक होतं. याचा मला जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही.

सगळे अभ्यासक एका सुरात बोलतात असं मात्र नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. डिजिटल साधनांचा वापर आणि मुलांचं बरं-वाईट वाटणं यांचा संबंध त्यांना अगदी थोडा, मुलांमुलांतल्या फरकातला अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग समजावणारा, आढळला. मी त्यांचं म्हणणं झटकून टाकत नाही. पण सरासरीत बदलापूरची मुलगी आणि मलबार हिलचा मुलगा एकत्र मोजले जातात. माझ्यासमोर बाकावर बसते ती सरासरी नसते.

उपाय म्हणून ‘फोन फेकून द्या’ म्हणणाऱ्यांनी या मुलांचा दिवस पाहिलेला नाही. जाहिरात फोनवर येते, हॉलतिकीट फोनवर, टेस्ट सिरीज फोनवर, निकालाची पीडीएफ फोनवर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेलिसा हंट यांनी २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटांवर आणायला सांगितलं, बाकीचे नेहमीप्रमाणे वापरत राहिले. तीन आठवड्यांत कमी वापरणाऱ्यांचा एकटेपणा आणि उदासी घटली. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडली. आपला वापर मोजला जातोय हे दोन्ही गटांना माहीत होतं, आणि दोन्ही गटांची घालमेल थोडी कमी झाली. नुसतं स्वतःकडे लक्ष गेल्याने. आमच्याकडच्या काही मुलींनी वहीच्या मागच्या पानावर, फोन हातात घेतला तेव्हा मन कसं होतं आणि ठेवला तेव्हा कसं होतं, एवढंच लिहायला सुरुवात केली आहे.

आईवडिलांनाही एक सांगायचं आहे. आता तुलना करायला तुम्हाला शेजारच्या दारात जावं लागत नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाच्याचं ऑफर लेटर येतं आणि तुम्ही ते काही न बोलता मुलाला फॉरवर्ड करता. ते ‘काही न बोलता’ मुलाला नीट ऐकू येतं. आमच्याकडचा एक मुलगा असा एक फॉरवर्ड आल्यानंतर यायचाच बंद झाला. झोप नाही, जेवण नाही, दिवसभर तोंडावर चादर. त्याच्या मित्राने येऊन सांगितलं म्हणून कळलं. तेव्हा आम्ही १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावला. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही मोफत सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं. बराच वेळ तो बोलला. पुढे डॉक्टरकडेही गेला. आता तो बरा आहे. अभ्यासिकेच्या दारावर तो नंबर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. तुमच्या घरात अशी चादर दिसली तर तुम्हीही त्या नंबरवर फोन करा.

बदलापूरच्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती ठाण्याला त्या मैत्रिणीकडे गेली. मैत्रिणीनेच फोन करून बोलावलं होतं. सोमवारी आली तेव्हा माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, ‘ताई, तिचंही काही खरं नाही. हप्ते भरता भरता जीव जातोय.’ अशा गोष्टी आपण एकमेकांना दिलासा म्हणून सांगतोच. पण ती म्हणाली, “तिचं खरंच छान चाललंय. घर छान आहे, नवरा चांगला आहे, ती खूश आहे. तिने मला दार उघडलं आणि पहिल्यांदा स्वयंपाकघरातली खिडकी दाखवली. म्हणाली, बघ, इथून खाडी दिसते, तुला दाखवायची होती कधीपासून. मग आम्ही ओट्यापाशी उभ्या राहून मिसळ खाल्ली. तिच्याकडे अजून डायनिंग टेबल नाहीये.” थोडं थांबून म्हणाली, “मला बरं वाटलं, ताई. तिचं चांगलं झालेलं बघून बरं वाटलं. फोटोत का नव्हतं वाटत?”

तिला हवा असलेला वाटा तिला मिळाला होता. मैत्रिणीचं आयुष्य तेच होतं आणि हिचंही तेच. परीक्षा अजून तितकीच लांब होती.

हे ऐकून मुलांमध्ये बोलणं सुरू झालं आणि त्यातून एक ठराव पुढे आला. यापुढे ज्याची पोस्ट निघेल त्याने फोनवर काही टाकायच्या आधी पेढे घेऊन अभ्यासिकेत यायचं. प्रत्येकाच्या जागेपाशी जायचं. आपले किती प्रयत्न फुकट गेले, कुठे चुकलं, तेही सांगायचं. सगळ्यांना पटलं. मलाही फार पटलं, कारण मला काकू आठवत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. त्याचा हा शेवटचा प्रयत्न आहे, वय संपतंय. तो म्हणाला, “ताई, पण ज्याचं नाव यादीत नाही, त्याने त्या दिवशी इथे बसून पेढा खायचा? घरी बसून फोन बंद तरी करता येतो. इथे तोंड कुठे लपवणार?”

कुणाला उत्तर सुचलं नाही. काकूंनी दादाच्या तोंडात पेढा घातला तो मी आयुष्यभर माया म्हणून आठवला आहे. दादाला त्या वेळी काय वाटलं होतं, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. त्या रात्री घरी येऊन त्याला फोन लावला. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं. पण ती गेली नाही ना तिथून. उभी राहिली.”

हे मी दुसऱ्या दिवशी मुलांना जसंच्या तसं सांगितलं. शेवटच्या प्रयत्नाच्या मुलाने ऐकून घेतलं आणि ठरावात एक ओळ वाढवायला सांगितली, की पेढे आणणाऱ्याने लगेच निघून जायचं नाही, त्या दिवशी अभ्यासिका बंद होईपर्यंत थांबायचं. ती ओळ वाढवली आहे. निकाल पुढच्या महिन्यात आहे, आणि त्या दिवशी येणार की नाही हे त्याने अजून सांगितलेलं नाही.